नवरीच्या गाडीतला लाल दिवा

गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! अंबरनाथच्या कारखान्यात मी हजेरी लिहितो, पण बसतो मशिनांच्या शेजारी. इंजिन नुसतं शिंकलं तरी त्याला काय झालंय ते मी लांबून सांगतो. निदान त्या शुक्रवारपर्यंत तरी माझी तशी ठाम समजूत होती.

माझी गाडी म्हणजे बहात्तर सालची फियाट. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या टेकचंदशेठनी ती विकायला काढली आणि मी मेहुणीच्या लग्नावर डोळा ठेवून घेतली. त्याला कारण होतं. आमच्या लग्नात बायकोची पाठवणी टेम्पोतून झाली होती, तीही हंडे-कळश्यांच्या मधोमध! ड्रायव्हरनं ब्रेक मारला की नवरीच्या डोक्यावर परात! बकुळा ही गोष्ट हसत हसत सांगते, पण सांगून झाली की जरा वेळ गप्प बसते.

"अहो, माझ्या गंगूला तरी धड गाडीतून जाऊ द्या," एवढंच ती म्हणाली होती. ते मला फार लागलं.

आडवे आले माझे सासरे, आनंदराव. रिटायर्ड ट्रॅफिक हवालदार! त्यांनी सख्ख्या मेहुण्याची स्कूटर भर चौकात अडवून पावती फाडलेली आहे.

"जावईबापू, पीयूसी दाखवा, मगच माझी पोरगी गाडीत बसेल. नाहीतर टेम्पो सांगून ठेवलाय."

पीयूसी तेव्हा नवीनच निघालं होतं. गाडीचा धूर तपासायचे आणि पास झाली तर कागद द्यायचे.

"पीयूसी ना, मामा? चुटकीसरशी!" मी म्हणालो.

लग्न रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी धुतली, डॅशबोर्ड फडक्यानं खसाखसा घासला, चावी फिरवली आणि डॅशबोर्डच्या वरच्या कडेला वाटाण्याएवढा लाल दिवा पेटला! तोवर मी त्याला बटण समजत होतो. चावी बंद केली, विझला. चालू केली, पेटला!

आमच्या ऑफिसातला जयदेव इंग्रजी पेपरातलं मोटारींचं पान वाचतो. मी त्याला घरून ओढून आणलं. त्यानं दिवा पाहिला आणि चेहरा पाडला.

"किसन, परदेशात इंजिन आजारी पडलं की आपणहून दिवा लावतं. असली गाडी धुराच्या तपासणीत नापास म्हणजे नापास!"

"अरे, पण ही बहात्तरची फियाट आहे."

"फियाट मूळची कुठली? इटलीची! मग?"

इटली म्हटल्यावर मला पटलंच!

शनिवारी गाडी जनू मेकॅनिककडे नेली. त्यानं प्लग काढले, कार्बोरेटर खोलला, गाळणी फुंकली. माझ्या गाडीचे अवयव वर्तमानपत्रावर मांडलेले बघून मला भडभडून आलं. संध्याकाळी सगळं परत जोडलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं आणि दिवा? जसाच्या तसा!

"साहेब, इंजिन एकदम टकाटक आहे," जनू म्हणाला.

"मग दिवा कशाचा?"

"ते आपल्याला नाय माहीत. पण इंजिनचा नाय, बोललो ना!"

मी त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. पण जयदेवनं इंग्रजीत वाचलं होतं!

रविवारी सकाळी मांडवात थर्माकोलची अक्षरं कापून 'मंगल परिणय' लावणं चाललं होतं. खाली पडलेला एक तुकडा मी उचलला, मधे खड्डा कोरला आणि टोपीसारखा त्या दिव्यावर बसवला. दिवा गायब! माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात सासरे शेजारच्या सीटवर येऊन बसले. "चला, तपासणी मी डोळ्यांनी बघणार."

पीयूसीची व्हॅन कॅम्प दोनच्या बाजारात उभी असायची. आमचा नंबर लागला. माणसानं सायलेन्सरमधे नळी घातली. "साहेब, गाडी चालू ठेवा. रेस द्या."

मी रेस दिली. गाडी गुरगुरली. आणि डॅशबोर्डमधून काळा धूर निघाला!

"आग! आग!" सासरे ओरडले आणि त्यांनी सवयीनं हात वर करून बाजारातली सगळी वाहतूक थांबवली! थर्माकोल वितळून डॅशबोर्डवरून खाली ओघळत होता. त्याचा वास असा, की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून बाहेर आली.

"अहो, गाडी पास की नापास?" मी खोकत विचारलं.

"आम्ही मागचा धूर तपासतो!" पीयूसीवाला किंचाळला. "पुढच्या धुराचं मशीन नाही आमच्याकडे!"

इतक्यात समोरच्या दुकानातून पाण्याचा जग घेऊन एक माणूस धावत आला. टेकचंदशेठ! त्यांनी चावी बंद केली, डॅशबोर्डवर पाणी ओतलं आणि आत वाकून पाहिलं.

"अरे साईं, ये क्या ठूँसा इसमें?"

"शेठ, इंजिनचा दिवा पेटतोय म्हणून..."

"इंजन का? अरे, वो तो मेरे झूलेलाल का बल्ब है! मूर्ती के पीछे लगाया था. गाडी बेची तब मूर्ती घर ले गया, बल्ब रह गया. वायर लूज़ थी, तूने हिलाया होगा!"

 मग एक विचित्र आवाज यायला लागला. मी दचकून बघतो तर सासरे हसत होते! माझ्या लग्नापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "जावईबापू, देवाच्या दिव्यासाठी इंजिन खोललंत?"

शेठनी वायर काढून टाकली. नळी पुन्हा लावली. गाडी पास! जनूनं केलेल्या सफाईमुळे अगदी झकास पास. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

दुपारी विठ्ठलवाडीच्या मांडवातून पाठवणी निघाली. सासरे इतके खुशीत, की म्हणाले, "गाडी मी चालवणार. पोलिसात जीप चालवलीय!" मागे गंगू, नवरदेव आणि पाठराखीण म्हणून बकुळा. बकुळानं दार लावण्याआधी माझा हात घट्ट दाबला. ती रडत होती आणि हसतही होती. या वेळी हसून झाल्यावर गप्प झाली नाही. मला जागा उरली नव्हती, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. फुलांनी मढलेली फियाट बदलापूरच्या हेंद्रेपाड्याकडे, नवरदेवाच्या घरी, डौलात निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

सुटलो एकदाचा! घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर घडी घातलेला कागद बाहेर आला. पीयूसी!

उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाला सोडलं नाही ते आनंदराव हवालदार, पीयूसीशिवाय, पोटच्या पोरीला मागे बसवून भर दुपारी बदलापूरला गाडी हाकत गेले होते! वाटेत कुणी अडवलं नाही म्हणून निभावलं. मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका, ते माझ्याच नावानं पावती फाडतील!