विकलोच्या डोंगरातलं छप्पर

आई वारली तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. तिचे दिवस मी इकडे परदेशात, सँडीफोर्डच्या फ्लॅटमधून, लॅपटॉपवर पाहिले. त्यानंतर बाबा नागपुरात एकटेच. म्हणून २०२१च्या जानेवारीत मी ठरवलं, विकलोच्या डोंगरात पाहून ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं आणि बाबांना इकडे आणायचं. डिझाइनही मीच करायचं. (मी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. आत्मविश्वास तिथला.)

घर आल्प्समधल्या जुन्या घरांसारखं. खाली दगड, वर लाकूड, भिंतींच्या चार हात पुढे आलेलं उतरतं छप्पर. फक्त काचा आजच्या. लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, त्यामुळे डायनिंग टेबलावरच पुठ्ठ्याचं मॉडेल उभं केलं. माझी बायको सुलेखा तीन आठवडे मांडीवर ताट घेऊन जेवली.

आमचा आयरिश आर्किटेक्ट फर्गल, त्याने झूमवर पाहिलं. "एवढं छप्पर कशाला?"

"बर्फासाठी."

"बर्फ इथे वर्षातून दोन दिवस. पाऊस मात्र आडवा, वाऱ्यासकट. हे छप्पर उडून शेजारच्या वेक्सफर्डला जाऊन पडेल."

मी हसलो. (तो हसला नव्हता.)

रविवारी बाबांना व्हिडिओवर दाखवलं. ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर.

"माझी खोली?"

"खालची, दगडी."

"खिडकी दिसत नाही."

"आहे ना, छपराखाली."

"तुमच्याकडे साडेचारलाच अंधारतं म्हणतोस. त्यात हे. नको रे. इथे निदान तुझ्या आईच्या कुंड्यांवर ऊन पडतं."

फोन संपल्यावर मी कटर घेतला. छप्पर एका बाजूने चार बोटं कापलं, मग दुसऱ्या बाजूने, मग सारखं दिसेना म्हणून पुन्हा पहिल्या. तेवढ्यात खांब सुटला, लाकडी मजला घसरून जमिनीवर गेला आणि टेबलावर उरली एक बुटकी पेटी, वर वाकडं झाकण. मी खुर्चीत बसून रडलो. छपरासाठी नव्हे, हे सुलेखाला कळलं. नंतर तिने त्या पेटीचा फोटो काढून फर्गलला आणि बाबांना पाठवला.

फर्गलचं उत्तर आलं, "ग्रँड. हे टिकेल. याचंच ड्रॉइंग करतो."

मग बाबांचा फोन. "आता खिडकी दिसतेय. ऊन येईल. बांधून झालं की येऊन बघतो. कोणी केलं रे हे?"

"कोणी नाही, बाबा. पडलं ते."

"मग स्वयंपाकघराचंही डिझाइन करत बसू नकोस. पाडूनच बघ."