‘चालेल’ चालणार नाही

प्रत्येक संसारात एक जण विचारतो आणि दुसरा ‘चालेल’ म्हणतो. या जोडप्यात ‘चालेल’ म्हणण्याचं खातं नवऱ्याकडे होतं आणि लग्न झाल्यापासून ते त्याने एकही रजा न घेता सांभाळलं होतं.

त्यात त्याचा दोष नव्हता. तो लिफ्ट तपासनीस होता. उंच इमारतींत जायचं, दोर बघायचे, ब्रेक लागतो का ते पाहायचं, खालच्या खड्ड्यात उतरून बॅटरी मारायची आणि वर येऊन हात पुसत सांगायचं, चालेल. किंवा, नाही चालणार. या दोन मतांच्या भरवशावर अख्खं शहर वरखाली करत होतं आणि तिसऱ्या मताची गरज कुणाला भासली नव्हती. ‘लिफ्ट स्वभावाने धीट आहे, पण चौथ्या मजल्यावर जराशी उदास होते’ असं त्याने कधी लिहिलं असतं, तर खात्याने त्याची वैद्यकीय तपासणी करवली असती.

बायको एका रंगांच्या कंपनीत होती. तिथे ती रंगांना नावं ठेवायची. लोक हे काम फुकट करतात, तिला त्याचा पगार मिळायचा. एकट्या पांढऱ्या रंगाला तिने इतकी नावं दिली होती, की घरची भिंत रंगवायची वेळ आली तेव्हा तिचाच गोंधळ उडाला.

“‘धुतलेली सकाळ’ देऊ या की ‘कोरं पाकीट’?” तिने विचारलं होतं.

“चालेल.”

“अरे, कुठला?”

“दोन्ही चालतील.”

भिंत अजून तशीच होती.

अशात कंपनीने तिला बढती देऊ केली. जागा दूरच्या शहरातल्या मोठ्या शाखेत होती, गाडीने रात्रभराच्या अंतरावर. नवऱ्याच्या खात्यात बदली होत नसे, म्हणजे जायचं ते तिने एकटीने. जेवताना तिने विचारलं, “जाऊ का मी?” नवऱ्याच्या मनात आलं, नको जाऊस. मनातलं ते तोंडापर्यंत आलंही. पण दाराशी नेहमीचं ‘चालेल’ आधीच चपला घालून उभं होतं, तेच बाहेर पडलं. बायकोने ताटाकडे बघत भाजी वाढून घेतली.

दोन दिवसांनी तिने बिअर महोत्सवाची तिकिटं आणली. छोट्या भट्ट्यांमधून, हौसेने, हाताने बनवलेल्या बिअरचा महोत्सव. प्रत्येक बिअर चाखायची आणि तिच्याविषयी बोलायचं.

“निदान तिथे तरी तोंड उघडशील,” ती म्हणाली. “कंपनीला मला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तोवर दिवस आपला.”

नवऱ्याने मनाशी ठरवलं, आज बोलायचंच. योग्य वेळ बघून, दोन घोट पोटात गेले की. मोठमोठी माणसं त्या जोरावर काय काय बोलून जातात, मग आपल्याला एक वाक्य जमायला काय हरकत आहे.

महोत्सव गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात होता. दारात मनगटाला कागदी पट्टा बांधला गेला आणि हातात खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढा ग्लास आला. पहिल्या टेबलामागे एक दाढीवाला भट्टीकार उभा होता. त्याने बाळाला दूध पाजावं तशा मायेने बिअर ओतली.

नवऱ्याने ती पिऊन टाकली.

“कशी आहे?” भट्टीकाराने विचारलं.

“चालेल.”

भट्टीकाराचा चेहरा पडला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक स्वयंसेवक लगबगीने पुढे आला.

“साहेब, ‘चालेल’ हा अभिप्राय इथे ग्राह्य धरला जात नाही.”

“मग छान आहे.”

“छान लहान मुलांना म्हणतात.”

“आवडली मला.”

“आवडनिवड ही आपली खासगी बाब झाली,” स्वयंसेवक सौम्यपणे म्हणाला. “आम्ही अभिप्राय विचारतोय.”

नियम साधा होता. एक घोट, एक अभिप्राय, आणि अभिप्राय दिल्याशिवाय पुढचा घोट नाही. नवरा घसा कोरडा पडला म्हणून पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी गेला, तर तिथेही एक स्वयंसेविका बसलेली.

“पाण्याला चव नसते हो,” तो म्हणाला.

“‘संयमी’ असं लिहून घेते,” ती म्हणाली आणि तिने त्याला अर्धा पेला पाणी दिलं.

बायकोचं मात्र सोनं झालं होतं. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “ओल्या चटईवर बसून कुणीतरी संत्रं सोललंय.” भट्टीकाराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आईनेही त्याला इतकं समजून घेतलं नव्हतं. दुसऱ्या टेबलावर ती म्हणाली, “पाहुणे गेल्यानंतरचा दिवाणखाना.” तिसऱ्यावर पोहोचेपर्यंत तिच्यामागे माणसं चालू लागली होती. काहींनी तर स्वतः चाखणं सोडून ती काय म्हणते तेच प्यायला सुरुवात केली. नवरा त्या घोळक्याच्या शेवटी दोघांच्या पिशव्या धरून उभा होता. त्याला तिचं फार कौतुक वाटत होतं, पण ते कोणत्या शब्दांत सांगावं हे त्याला कळेना.

बायकोच्या पुण्याईवर त्यालाही पुढचे घोट मिळत होते, पण तिसऱ्या टेबलावर त्याने तिसऱ्यांदा ‘चालेल’ म्हटलं. स्वयंसेवकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आपल्याला अभिप्राय सुधार कक्षात यावं लागेल.”

“मी नाही म्हटलं तर?”

“‘नाही’ हासुद्धा अभिप्राय नाही, साहेब.”

“जा रे, शिकून ये,” बायको हसत म्हणाली. “मी आहे इथेच.” ती हसत असली तरी तिच्या नजरेत आशा होती, आणि ती नवऱ्याने नीट पाहिली. तो निमूटपणे गेला.

सुधार कक्ष म्हणजे गोदामाच्या मागच्या बाजूला पत्रे ठोकून केलेली खोली होती. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर इतर गुन्हेगार बसले होते. एका निवृत्त न्यायाधीशांनी बिअर चाखून निकाल राखून ठेवला होता. एका दंतवैद्याने ग्लास पुढे करणाऱ्यालाच सवयीने ‘चूळ भरा’ म्हटलं होतं. एक नवा नवरा ‘हिला विचारून सांगतो’ असं बोलून अडकला होता.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी घरांच्या जाहिराती लिहीत. खाट टाकल्यावर दार उघडत नाही अशा खोलीला ‘आटोपशीर’ म्हणण्यात त्यांची हयात गेली होती. “अभिप्रायाचे तीन भाग,” त्या म्हणाल्या. “सुरुवात, मधला भाग आणि शेवट.”

“आणि आवडलं की नाही, ते कुठल्या भागात सांगायचं?” नवऱ्याने विचारलं.

“ते सांगायची वेळच येऊ नये, म्हणून तर हे तीन भाग आहेत.”

न्यायाधीशांनी मान डोलावली. त्यांना हे नवीन नव्हतं.

सराव सुरू झाला. नवऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने ग्लास उजेडात धरून तळ तपासला. “लिफ्टसारखी आहे,” तो शेवटी म्हणाला. “वर जाते.”

“वा. पुढे?”

“खाली येते.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. एवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा संदेश होता: ‘कंपनीतून फोन आलाय. आत्ताच सांगा म्हणतात. जाऊ का? नीट सांग.’

नवरा उठून दाराकडे निघाला. दारात स्वयंसेवक होता. एक पूर्ण अभिप्राय दिल्याशिवाय बाहेर सोडता येत नसे. मग त्याने उभ्या उभ्या फोनवर उत्तर लिहायला घेतलं आणि बोट सवयीने पळालं. ‘चाले’ इथवर पोहोचलं असताना बाईंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“पुन्हा तेच?”

“बाई, हे घरचं आहे.”

“सवय घरापासूनच सुटायला हवी. प्रश्न काय आहे ते मला नको. सुरुवात कशी वाटते?”

नवऱ्याला स्टेशनवर सामान घेऊन उभी असलेली बायको दिसली. बढतीचं पत्र आलं त्या दिवशी ती किती ताठ चालत घरी आली होती, तेही आठवलं. “मोकळी,” तो म्हणाला.

“मधला भाग?”

“तिच्यासाठी? ताजा असेल.”

“आणि शेवट?”

त्याला संध्याकाळचं घर दिसलं. एक ताट, एक वाटी आणि समोर ती न रंगवलेली भिंत. “कोरडा,” तो हळूच म्हणाला.

“‘कोरडा’ फार वापरून झालाय,” बाई म्हणाल्या. “‘स्वच्छ’ लिहा.”

त्याने लिहिलं: ‘सुरुवात मोकळी, मधला भाग ताजा, शेवट स्वच्छ.’ पुन्हा टाळ्या झाल्या, दंतवैद्याने तर हस्तांदोलन केलं. शब्दांसाठी टाळ्या मिळण्याची ही त्याची जन्मातली पहिलीच वेळ होती, आणि टाळ्या वाजत असताना कुणी मजकूर वाचून बघत नाही. त्याने संदेश पाठवून दिला. मनगटावर ‘सुधारित’ असा शिक्का बसला आणि दार उघडलं.

बायकोचं उत्तर आलं: ‘कळलं.’

बाहेर चार पावलं गेल्यावर त्याने आपलाच संदेश पुन्हा वाचला. दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाला काय वाटत असेल, याचा त्याने कामाच्या निमित्ताने अनेकदा विचार केला होता. आता विचार करायची गरज उरली नाही. तो धावत सुटला. बायको पाण्याच्या पिंपाशी फोन हातात घेऊन उभी होती, आणि तिच्याभोवती तिची भक्तमंडळी ग्लास घेऊन पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

“नको जाऊस,” तो म्हणाला.

तिने फोन खाली केला.

“तू गेलेली मला नको आहे. मला एकट्याला घास उतरत नाही. भिंतीला कुठलाही पांढरा दे, पण इथे राहून दे.”

“साहेब, या अभिप्रायात मधला भाग…” स्वयंसेवकाने तोंड उघडलं.

“तुम्ही जरा गप्प बसा हो,” नवरा म्हणाला.

बायकोचे डोळे भरून आले. “हे मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?”

“येत नव्हतं.”

“अरे, मी आत्ताच त्यांना हो म्हणून सांगितलं. इथे माझ्या जागी कोण, तेही ठरलं लगेच.” तिने फोन त्याच्यासमोर धरला. “तू कधी एका शब्दाच्या वर जात नाहीस. एवढं सगळं लिहिलंस, तर मला वाटलं, मनापासून लिहिलंयस. शेवट स्वच्छ, असं लिहिलंयस रे तू.”

“ते त्या बाईंनी सांगितलं.”

“आणि तू लिहिलंस?”

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण तिने त्याचा हात धरलाही नाही.

घोळका जवळ सरकला होता. सुधार कक्षही सुटला होता. “सुरुवात अडखळती,” न्यायाधीश म्हणाले. त्यांनी आता निकाल राखून ठेवणं सोडलं होतं. “मधला भाग प्रामाणिक, पण किंचित उशिरा येतो,” दंतवैद्याने पुस्ती जोडली. शिकवणाऱ्या बाई पदराने डोळे टिपत होत्या. “शेवट बघा,” त्या म्हणाल्या. “कितीतरी वेळ घशाशी राहतो.” स्वयंसेवकाने ते लिहून घेतलं आणि दिवसातला सर्वोत्तम अभिप्राय म्हणून जाहीर करून टाकलं. टाळ्या झाल्या. त्या दोघांना बसायला कुणी खुर्ची दिली नाही.

तुम्हीही इथवर आला आहात, हातात ग्लास नाही एवढंच. ती दोघं अजून पिंपाशी उभी आहेत. ते असू द्या. तुम्ही सांगा, शेवट कसा वाटला?