तिसऱ्या तंत्रज्ञाचा प्रवेश-अर्ज

आमचा गेम गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता प्रकाशित झाला आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस हजार लोकांनी तो खेळला. परवानगीपत्रातल्या अट क्रमांक नऊनुसार असं काहीही घडलेलं नाही, याची नोंद घ्यावी. जे घडलेलंच नाही ते आता क्रमवार सांगतो.

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एकोणीस वर्षांपूर्वी तिने 'आकाशगस्त' नावाच्या टीव्ही मालिकेत अंतराळयानावरच्या तिसऱ्या तंत्रज्ञाचं काम केलं होतं. शेवटच्या भागात ती अँटेना दुरुस्त करायला यानाबाहेर गेली, दुरुस्त करून परत आली, दारावर थाप मारली आणि तेवढ्यात मालिका बंद पडली. तेव्हापासून ती बाहेरच आहे. लोक यंत्रावर हनुवटी टेकवतात, सगळ्यात खालची ओळ वाचता वाचता थांबतात आणि विचारतात, "बाई, मग घेतलं का हो तुम्हाला आत?"

"एकदा आत जाऊ दे रे मला," मावशी म्हणायची. "नुसतं 'हो, घेतलं' म्हणता आलं तरी पुरे. मेल्यांचं लक्ष माझ्याकडे आणि चष्म्याचा नंबर चुकला की खापर माझ्यावर."

म्हणून आम्ही गेम करायला घेतला. ताई लिफ्टच्या दारांचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे दार उघडणं हा तिच्या हातचा मळ. पत्रव्यवहार माझ्याकडे आला, कारण घरात नकार पचवायची सवय मलाच आहे.

मालिकेचे हक्क गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीकडे होते. बंद पडलेल्या स्टुडिओचं गोदाम घेताना एका लोखंडी कपाटाबरोबर ते आले होते. मी कंपनीच्या हक्क-अधिकाऱ्यांना फोन लावला.

"गेम मालिकेसारखा दिसता कामा नये," ते म्हणाले. "हक्कभंग होतो."

"बरं. वेगळा करतो."

"वेगळाही नको. मालिकेची बदनामी होते."

"मग करू कसा, साहेब?"

"तसाच करा हो. फक्त ओळखू येऊ नये."

ताईने यावर तीन आठवडे विचार केला. लांबच लांब पॅसेज, डोळ्यांवर येणारे पांढरे दिवे, सात बंद दारं आणि आपण कुठे चाललोय हे आतल्या कुणालाच ठाऊक नाही. यानासारखं दुसरं ठिकाण तिला एकच सुचलं. तिने यानाचं सरकारी कार्यालय केलं. लेझर बंदुकीचा स्टेपलर झाला. कप्तानाच्या डोक्यावर पंखा आला. परग्रहवासी मात्र बदलावा लागला नाही. त्याला आहे तसा आवक-जावक विभागात बसवला.

"वा! अजिबात ओळखू येत नाही," हक्क-अधिकारी खूश झाले. "मला तर आमचंच ऑफिस वाटलं." आणि त्यांनी परवानगी दिली. अट क्रमांक नऊ अशी होती: गेम प्रकाशित करता येईल, मात्र तो प्रकाशित झाला असं कुणालाही समजता येणार नाही.

आता राहिला चाहता संघ. संघाचे अध्यक्ष औषधांचं दुकान चालवतात आणि मालिकेचे सगळे भाग त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना कार्यालय चाललं, स्टेपलर चालला, पण एका गोष्टीवर ते अडून बसले.

"चौथ्या भागात यानाचं दार कप्तान, डॉक्टर आणि मुख्य अभियंता या तिघांच्या संमतीनेच उघडलंय. दार कुणीही उघडेल म्हणता? आमच्या भावनांशी खेळू नका."

"ठीक आहे, काका," ताई म्हणाली. "तीन खिडक्या, तीन खेळाडू, तीन सह्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

या अर्ध्या मिनिटाला आज पाचवा आठवडा चालू आहे.

त्या पहिल्या मंगळवारी मावशीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, केस नीट विंचरले (गेममध्ये दिसत नाहीत, तरीही) आणि तिसऱ्या तंत्रज्ञाच्या रूपात ती दारासमोर उभी राहिली. पहिल्या खिडकीवर 'कप्तान७७' हे टोपणनाव घेतलेला कुणी खेळाडू होता.

"टोकन?"

"अहो, मीच ती. तिसरी तंत्रज्ञ. खरी!"

"मॅडम! साष्टांग दंडवत! तुमचा फोटो माझ्या भिंतीवर आहे."

"मग घ्या की आत."

"भिंतीवर आहे हो. अर्जावर नाही."

फोटो जोडला. मग तो दोन प्रतींत जोडला. सहाव्या दिवशी पहिली सही झाली. दुसऱ्या खिडकीवर सुदैवाने मीच होतो. मावशी माझ्याच घरात, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसून खेळत होती, तरी मी तिला रांग मोडू दिली नाही. घरच्या माणसासाठी नियम वाकवला तर बाकीच्यांनी काय समजायचं?

"अरे मेल्या, तुझी लंगोटं धुतलीत मी!" मावशी कडाडली.

"त्याचा दाखला जोडा," मी म्हणालो.

मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतकं सहज निघालं तोंडातून! खिडकीच्या आत बसलं की पाठ आपोआप मागे टेकते, आवाज खाली येतो आणि समोरचा माणूस जरासा लहान दिसायला लागतो. ताईने असं काहीच प्रोग्रॅममध्ये घातलेलं नव्हतं.

दार उघडणाऱ्याला हजार गुण होते. ते घ्यायला कुणीही आलं नाही. ताईने दहा हजार केले, तर गुणवाढीचा अभ्यास करायला खेळाडूंनी एक समिती नेमली. तीनच्या दोनशे बारा खिडक्या झाल्या, कारण ज्याला त्याला आत बसायचं होतं. चाहत्यांनी आमच्या गेमवर आपापले प्रकल्प काढले. एकाने अकरा रंगांचे शिक्के केले. एकीने नुसता जेवणाच्या सुट्टीचा वेगळा गेम केला, तो आमच्यापेक्षा जास्त चालतो. अध्यक्ष काकांनी औषधांचं दुकान बायकोवर सोपवून बदल्यांचा विभाग सांभाळायला घेतला.

शेवटी ताईने दार स्वतःच उघडायचा प्रयत्न केला. खेळाडूंनी निषेध नोंदवला. "चौथ्या भागाशी विसंगत आहे," असं म्हणून त्यांनी तिला खिडकी क्रमांक एकशे चाळीसवर रीतसर अर्ज करायला सांगितलं. तिथे हक्क-अधिकारी बसतात. गाद्यांच्या ऑफिसातून सुटले की थेट इथे येतात, विरंगुळा म्हणून.

माझी सही मी नवव्या दिवशी केली, तीही मावशीने माझं जेवण बंद केल्यावर. राहिली तिसरी. तिसऱ्या खिडकीवर पाटी आहे: 'थोड्या वेळात येतो'. मावशी तिच्यासमोर उभी आहे. कालच तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, खालची ओळ वाचता वाचता थांबलं आणि त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "दोन तृतीयांश घेतलंय. गप्प वाचा."

तिसऱ्या खिडकीवर कोण बसतं, याची आम्ही चौकशी केली. नाव कळलं नाही. एवढंच कळलं की संबंधित व्यक्ती जागेवर नसते तेव्हा कुठेतरी आरामात बसून काहीबाही विनोदी वाचत असते आणि दुसऱ्यांच्या ऑफिसांना हसत असते.

तरी सदर व्यक्तीस या पत्रान्वये नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी हा मजकूर मिळताच वाचन आहे त्या ओळीवर थांबवावे, तत्काळ आपल्या जागेवर हजर व्हावे आणि अर्जदार महिलेस कोणतेही जादा कागदपत्र न मागता सही द्यावी.