आशावाद मापन कक्ष, जिन्याखाली

ज्या माणसाला उद्याचा दिवस चांगला जाईल असं वाटतं, त्याचं मन आज ठिकाणावर राहतं, हे शास्त्राने मान्य केलं आहे. शास्त्राने मान्य केलं की शासनाला मान्य करावं लागतं, आणि शासनाने मान्य केलं की फॉर्म छापावा लागतो. त्यानुसार नाशिकला आमचा आशावाद मापन कक्ष सुरू झाला. जागा जिन्याखाली मिळाली. (उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून आम्ही सर्वजण बसूनच आशावादी असतो.) मी या कक्षाचा अधीक्षक. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं गोड काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं. सकाळी कुलूप उघडताना मला अक्षरशः गुदगुल्या होतात.

आमचा हिशेब सरळ आहे. आशा हे मनाचं चिलखत. चिलखत असलं की आजार नाही, आणि आजार नाही तर डॉक्टर कशाला? म्हणून मनोविकार डॉक्टरांची मागितलेली तीन पदं रद्द झाली आणि त्यांच्या जागी वीस प्रश्नांचं आशा-पत्रक आलं. शंभरपैकी सत्तर मिळाले की माणूस सुरक्षित. चाळीसच्या खाली लाल शेरा.

पहिल्या फेरीचे आकडे वाचून मी घरी जाऊन बायकोला मिठी मारली. रविवारी सकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात रिक्षा घालणारे चालक: ९७. (पलीकडून बाहेर पडू, या श्रद्धेशिवाय ते काम होत नाही.) भाव चढेल म्हणून कांदा चाळीत धरून बसलेले लासलगावकडचे लोक: ९४, आणि कांद्याला कोंब फुटल्यावर ९५. दहावीच्या मुलांचे आईवडील: ९९. खुद्द दहावीची मुलं: ३१, पण त्यांना कोण विचारतं.

आणि मग पिंपळगाव बसवंतकडच्या एका गावाचा आकडा आला. अकरा.

त्या गावाची फेरी पायलकडे होती. पायल आमची कंत्राटी सर्वेक्षक. अकरा महिने नेमणूक, एक दिवस घरी, पुन्हा अकरा महिने. वडील गेल्यापासून आई आणि दोन भावंडं तिच्याच पगारावर आहेत. तिची नेमणूक फेब्रुवारीअखेर संपत होती, आणि नियम असा की गावाची सरासरी सत्तरच्या आत राहिली तर नेमणूक पुढे नाही. निराश लोकांत राहून तिचंच मन बिघडू नये, असा त्यामागे उदात्त विचार आहे.

मी स्वतः तिच्याबरोबर गेलो. मोतीराम नावाच्या बागाईतदाराला नऊ गुण पडले होते. त्याच्या द्राक्षबागेत घड असे लटकत होते की आम्हाला वाकून चालावं लागलं.

"येतं वर्ष कसं जाईल?" मी विचारलं.

"काय सांगावं, साहेब. अजून गाडी भरायची हाय."

"पण माल तर उत्कृष्ट दिसतोय!"

मोतीरामने दचकून आभाळाकडे बघितलं. "दिसतो तसा नाय तो. काय खरं नाय औंदा."

लाल शेऱ्याच्या इसमाकडून 'माझं भविष्य उज्ज्वल आहे' असं तीनदा मोठ्याने वदवून घ्यायचं असतं. मोतीराम एकदाही बोलेना, म्हणून मीच बागेकडे हात करून तीनदा ओरडलो. त्याची बायको सखुबाई घरातून धावत आली. तिने मीठ-मोहऱ्या बागेवरून ओवाळल्या आणि माझ्याकडे बघत अंगणातल्या चुलीत टाकल्या. बराच तडतडाट झाला. आमच्या मोहिमेचं हे असं पारंपरिक स्वागत पाहून मला भरून आलं.

"सर, माल गाडीत चढेपर्यंत इथे कोणीच चांगलं बोलत नाही," परतताना पायल म्हणाली. "नजर लागते म्हणतात. एप्रिलमध्ये विचारू या ना."

"पत्रक फेब्रुवारीतच द्यायचंय."

"मग एप्रिलमध्ये मी तरी असेन का?"

मी तिला आशावादी राहायला सांगितलं. (ते माझं कामच आहे.)

पायल मात्र हुशार. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि वीसही प्रश्नांत 'तुमचं' खोडून 'शेजाऱ्याचं' असं लिहून आली. शेजारच्या गोरक्षचं वर्ष कसं जाईल, असं विचारल्यावर मोतीराम उसळलाच. "त्याला काय धाड भरलीय! बाग बघा त्याची, ताई. लय भारी माल. बंगला बांधतोय तो औंदा!" तिकडे गोरक्षने सांगितलं की मोतीरामसारखं नशीब आख्ख्या तालुक्यात नाय. घरोघरी हेच. गावाची सरासरी शहाण्णव!

मी आनंदाने उभा राहिलो, डोकं आपटलं, आणि तशातच पेढे मागवले. अहवाल वर गेला. आठ दिवसांत उत्तर आलं: सदर गाव मानसिकदृष्ट्या पूर्ण संरक्षित झाल्याने तेथे सर्वेक्षकाची आवश्यकता उरलेली नाही. सबब पद रद्द. कक्षाचं हार्दिक अभिनंदन.

पायलने पत्र दोनदा वाचलं. "सर, सत्तर लागत होते. मी शहाण्णव आणले."

"म्हणूनच," मी म्हणालो.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पत्रकात अधीक्षकाला काय वाटतं याचा रकाना नाही. पायलने पेन परत केलं, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि सीबीएस बसस्थानकाच्या दिशेने चालू लागली.

नियमाप्रमाणे आता एकच प्रश्न उरतो, आणि तो आपल्याला, वाचकहो. या मुलीचं पुढे कसं होईल?

'होईल हो चांगलं. हुशार आहे, मिळेल काहीतरी.' असंच म्हणालात ना मनात? मी नोंद घेतली आहे. शंभरपैकी शंभर. आपण पूर्ण सुरक्षित आहात, आणि तिच्यासाठी कोणी काही करण्याची गरज उरलेली नाही.