हिरव्या विटांना बर्फ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या साडूनं तर सगळं समोर उभं राहून पाहिलं, तरी त्याचा बसला नाही! पण म्हणून मी सांगायचं सोडू? चांदी लपवणारे पुष्कळ असतात हो, पण चोराला सोडाच, लपवणाऱ्याला स्वतःलाही सापडू नये इतकी बेमालूम लपवणारा या भूतलावर एकच झाला. त्याचं हस्ताक्षर तुम्ही आत्ता वाचताय!

उभा जन्म मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, 'क' कुठला आणि 'फ' कुठला ते सांगायचो. एकदा वीज गेली तेव्हा अख्खं वर्तमानपत्र मी अंधारात जुळवलं होतं. सकाळी त्यात एकच चूक निघाली, आणि तीही संपादकाची! तेव्हा धातू म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

निवृत्त झालो तेव्हा हातात थोडी रक्कम आली. बायको शाळेचे गणवेश शिवते. तिची मशीन पायांनी चालवायची, जुनी, जड. दिवसभर पॅडल मारून तिचे गुडघे इतके कुरकुरायचे, की तेल मशीनला घालावं की तिला, असा मला प्रश्न पडायचा.

"अहो, आता तरी मोटरची मशीन घेऊ या ना," ती म्हणाली.

"घेऊ की! पण आत्ता घेतली तर नुसती मशीन येईल. तेच पैसे चांदीत घातले की वर्षभरात मशीन येईल, वर खुर्ची येईल, आणि खुर्चीवर टाकायला गादीसुद्धा!"

"आणि भाव उतरला तर?"

"चांदीचा? अगं, तू शिवणाचं बघ. धातूचं माझ्यावर सोड!"

तिनं सोडलं. बाजारातल्या सराफाकडून मी चांदीची एक वीट आणली. वीट म्हणायचं एवढंच, आकार अंगाच्या साबणाच्या मोठ्या वडीएवढा. पण जड अशी, की खिशात टाकून घरी येईपर्यंत माझी उजवी चप्पल डावीच्या दुप्पट झिजली! शंका नको म्हणून सराफानं तिच्यावर बर्फाचा खडा ठेवून दाखवला. "बघा काका, खरी चांदी बर्फ टिकू देत नाही. दुसऱ्या धातूवर रेंगाळतो, इथं पळतो." आणि खरंच, खडा उन्हातल्या लोण्यासारखा गेला की हो! त्या क्षणी मी त्या विटेच्या प्रेमात पडलो. आमच्या लग्नात मी बायकोकडेसुद्धा इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. अर्थात, तेव्हा तिच्या मामांची माझ्यावर नजर होती.

मग सुरू झाला माझा छंद. भाव चढला की मी म्हणायचो, "आत्ता कशाला विकायची? अजून चढेल!" भाव पडला की म्हणायचो, "आत्ता विकायची? तोट्यात?" भाव जागच्या जागी राहिला की म्हणायचो, "दम खातोय तो. आता उडी मारणार!" अशी वर्षं गेली. भाव दम खात होता आणि बायको पॅडल मारत होती.

त्यातच आमच्या भागात दोन चोऱ्या झाल्या. माझी झोप उडाली. कपाट? चोर पहिल्यांदा कपाटच उघडतो. गादीखाली? दुसऱ्यांदा तेच. शेवटी अशी युक्ती सुचली की मी स्वतःलाच टाळी दिली. बायको कापड बेतताना ते हलू नये म्हणून कडांवर काहीबाही ठेवायची. तवा, पाटा, एकदा तर माझा चष्मा. तिला जर मी सुबक वजनंच करून दिली तर? छापखान्यातून आणलेलं शिसं घरी पडून होतंच. मातीत विटेचा साचा घेतला आणि शिशाच्या तीन विटा ओतल्या, चांदीच्या विटेच्या जुळ्या बहिणी! शिसंही जड, चांदीही जड, हातात घेऊन फरक सांगेल त्याला माझं निवृत्तिवेतन बक्षीस! चारही विटांना खिडकीचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला. खऱ्या विटेच्या पोटाला मात्र लाल ठिपका दिला. खूण हवी ना!

मग वाटलं, एकच हात पातळ दिसतोय. म्हणून दुसरा हात मारला. चारही विटांना. सगळ्या बाजूंनी.

हो, ठिपक्यावरूनही.

"आहे काय त्यात!" मी मनाला समजावलं. "खरी म्हणजे डावीकडून तिसरी." आणि बायकोनं त्याच संध्याकाळी टेबल झाडलं.

तरी मी निश्चिंत होतो. चारांतली एक चांदीची आहे, घरात आहे, मग कुठली का असेना! बायकोला यातलं मी अक्षर सांगितलं नाही. गुपित दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही. तिला वाटायचं चांदी बँकेत आहे.

आणि एके दिवशी दुपारी मशीनच्या पॅडलचा दांडाच तुटला. लोहारानं तो कसाबसा जोडून दिला, पण म्हणाला, "काकू, हा टेकू आहे. जोर लावलात की पुन्हा जाईल." शनिवारपर्यंत शाळेचे गणवेश द्यायचे होते. नाही दिले तर पुढच्या वर्षापासून काम दुसरीकडे, असं शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं. बायको ओरडली नाही. ती गुडघा चोळत माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, विका आता ती चांदी."

तिच्या आवाजात असं काही होतं की माझ्या तोंडून 'अजून चढेल' निघेना. मी तडक सराफाकडे गेलो. भाव होता आभाळाला टेकलेला! सराफ म्हणाला, "काका, दुकान बंद व्हायच्या आत वीट आणा. उद्या हा भाव राहील, असं मी सांगत नाही."

उड्या मारत घरी आलो. बघतो तर टेबलावर हिरवं वजन एकच!

"बाकीची तीन कुठायत?"

"कुठली? ती वजनं? वाटली की मी! सगळ्यांना आवडत होती. एक माझ्या बहिणीला दिलं, एक वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना, एक शेजारच्या हवालदारांना. केवढं कौतुक केलं तुमचं! म्हणाले, निवृत्त झाल्यावर माणसानं असा काहीतरी उद्योग करावा."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे खुर्ची तिथं आहे असं समजून बसलो.

"अहो! काय झालं?"

"काही नाही. कौतुक ऐकून चक्कर आली."

उठून टेबलावरची वीट निरखली. तिचा एक कोपरा चेपला होता. चेपतो तो मऊ धातू. मऊ धातू म्हणजे शिसं! जन्मभराच्या अनुभवानं मी एका नजरेत निकाल दिला: ही नव्हे. म्हणजे माझी चांदी बाहेर गेली, तिघांपैकी कोणाच्या तरी घरी! थर्मासमध्ये बर्फ भरला आणि सुटलो.

पहिली मेहुणी. तिनं वीट दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवली होती, मांजरासाठी. ती चहा टाकायला वळली तशी मी वीट खाली घेतली आणि तिच्यावर बर्फाचा खडा ठेवून उकिडवा बसलो. इतक्यात साडू आत आला.

"काय हो, काय चाललंय?"

"काही नाही. गरम लागली हाताला."

"वीट?"

"हं."

"मग तिला बर्फ लावताय?"

"लावून बघतोय. गुण येतो का ते."

साडू माझ्याकडे बघत राहिला. बर्फ विटेवर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा निवांत बसला होता. शिसं! मी वीट झाकणावर ठेवली आणि चहा न पिता निघालो. मागे साडूचा आवाज आला, "अगं, तुझ्या ताईला फोन लाव. भावोजींचं काही खरं नाही!"

दुसरा मुक्काम दातांचा डॉक्टर. त्यानं वीट दाराला अडसर म्हणून लावली होती. बाहेरच्या बाकावर सुजलेले गाल ओळीनं बसलेले. मी दाराशी गुडघे टेकले आणि विटेवर बर्फ ठेवला. बाकावर कुजबुज झाली.

"हे कंपाउंडर का?"

"असतील. बघा ना, किती मन लावून करतायत."

एक गलेलठ्ठ गृहस्थ गाल धरून माझ्याजवळ आले. "इथंही लावा ना थोडा," ते विव्हळले. नाही म्हणवेना. त्यांच्या गालाला एक खडा लावला. लगेच दुसरा गाल पुढे आला, मग तिसरा. बघता बघता माझ्यासमोर रांग लागली आणि डॉक्टरचा बाक ओस पडला! गलेलठ्ठ गृहस्थ तर "आता बरं वाटतंय" म्हणून दात न काढताच घरी निघाले. तेवढ्यात डॉक्टर हातात पकड घेऊन बाहेर आला.

"आजोबा, माझे पेशंट पळवताय?"

"नाही हो डॉक्टर! मी तुमचा दरवाजा तपासतोय!"

"दरवाजाला काय झालंय?"

खाली पाहिलं. विटेवरचा बर्फ अजून तसाच, ढिम्म. हेही शिसं! "आता काही नाही," मी म्हणालो आणि जिन्यावरून असा उतरलो की मधल्या पायऱ्यांना माझे पाय लागल्याचं आठवत नाही.

थर्मासमध्ये आता मूठभर बर्फ उरला होता. तिसरे हवालदार. हे निवृत्त झाले तरी त्यांचा संशय अजून नोकरीत होता. ते अंगणात वीट हातात घेऊन दंड कमावत होते.

"हवालदारसाहेब, जरा बघू ती वीट."

"का?"

"सहजच."

"सहज येणारे थर्मास घेऊन येत नाहीत." त्यांनी वीट छातीशी धरली. "काय आहे हिच्यात?"

"शिसं."

"मग घाम का फुटलाय तुम्हाला?"

"तो बर्फ आहे."

"कपाळावर?"

शेवटी त्यांनी त्यांच्या हातानं वीट ओट्यावर ठेवली, त्यांच्या हातानं खडा ठेवला, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. त्यांचा श्वास रोखलेला, माझा थांबलेला. खडा हलेना. अंगणातली चिमणी आली, खड्यावर बसली, तिला हुडहुडी भरली, ती उडून गेली, तरी खडा हलेना!

"शिसं," मी खचून म्हणालो.

"हेच तर तुम्ही आधी सांगितलंत," हवालदार म्हणाले. "म्हणूनच मला संशय आला!"

फाटकाबाहेर आलो आणि डोक्यात वीज चमकली. बाहेरच्या तिन्ही शिशाच्या. मग उरली कोण? टेबलावरची! चेपल्या कोपऱ्याची! ज्या विटेला मी एका नजरेत नापास केलं, तीच माझी लक्ष्मी!

घरात शिरलो तर बायको फोनवर होती. "हो गं, आलेत. डोळे तसेच दिसतायत. हो, थर्मास आहे हातात." तिनं फोन ठेवायच्या आत मी टेबल गाठलं. खात्री? खात्री होतीच, पण पुराव्याशिवाय मानणारा मी नव्हे. उरलासुरला सगळा बर्फ मी विटेवर उपडा केला.

आणि बर्फ पळाला! असा पळाला, की त्याच्या जागी पाणी यायलासुद्धा क्षणभर उशीर झाला!

आलं तेव्हा मात्र भरपूर आलं. टेबलावर निळ्या पट्ट्या बेतून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याखाली पांढरी शर्टांची कापडं. निळं पांढऱ्यात उतरलं. कडेपासून मधोमध, सावकाश.

 बायकोनं वीट उचलली, पदरानं पुसली, बाजूला ठेवली.

"हिनंच मी बटणं ठोकायचे," ती म्हणाली. "कोपरा गेला म्हणून कोणाला द्यायला लाज वाटली. म्हणून ठेवली."

"अगं, हीच ती चांदी!"

ती विटेकडे बघत राहिली. मग ओल्या कापडांकडे. मग माझ्याकडे. छापखान्यात मला मालकानं शिव्या दिल्यात, संपादकानं दिल्यात, पण ती एक नजर मला अजून सहन होत नाही.

मग मी काय केलं? मंडळी, मी मर्दासारखा उठलो! वीट उचलली, वाऱ्यासारखा सराफाकडे गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, ते एका हातानं वर रेटलं! "घ्या!" म्हणालो आणि वीट गल्ल्यावर आदळली. घासाघीस नाही, मागे वळून बघणं नाही, डोळ्यांत टिपूस नाही! तिथून थेट मशीनच्या दुकानात. झगझगीत, मोटरची, बटण दाबलं की आपोआप पळणारी मशीन मी डोक्यावर घेऊन घरी आलो, वर नवीन पांढरं कापडही. शनिवारी गणवेश वेळेत गेले, आणि त्या दिवसापासून माझ्या बायकोच्या गुडघ्यांना कसली म्हणून तोशीस नाही!

हे शेवटचं मला इतकं आवडलं, की कसं वाजतंय ते बघायला मी मोठ्यानं वाचून पाहिलं. आतल्या खोलीतला खडखडाट एकदम थांबला.

"काय म्हणालात? विकलीत?"

"अगं, गोष्ट लिहितोय…"

"सराफाच्या पायरीवरून परत आलात ना? 'उद्या अजून चढेल' म्हणत? चार शर्ट पुन्हा बेतले मी त्या दिवशी. आणि ती वीट आत्तासुद्धा माझ्या कापडावर आहे, येऊन बघा!"

"हो, पण वाचणाऱ्यांना जरा बरं वाटावं म्हणून…"

"मोटरची मशीन आली म्हणे! मग सकाळपासून मी पायांनी हे काय चालवतेय? सायकल?"