गफूरभाईंचा कान

आधी नाव सांगतो, मग हकिकत. गफूरभाई घोडीवाले, मुक्काम चांदा, जटपुरा दरवाजाच्या आतल्या अंगाला. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मला सांभाळलं ते या माणसानं.

गफूरभाई गावातल्या सगळ्यांना अरे-तुरे करतात आणि घोडीला अहो-जाहो. आमच्या वखारीच्या शेठजींना भर रस्त्यात म्हणतील, "काऊन बे शेठ, पोट सुटून राह्यलं तुह्यं!" आणि लगेच घोडीकडे वळून, "चला बाईसाहेब, उन्हात नका उभ्या राहू."

बाईसाहेब पांढऱ्या, वयस्क, सुरमा घातल्यासारख्या डोळ्यांच्या. लग्नसराईत त्यांना उसंत नसते. पण कुणी ठरवायला आलं की गफूरभाई आधी म्हणतात, "नवरदेव कुठी आहे? आना त्याले. बाईसाहेबाईले पाहू द्या." नवरदेव येऊन अवघडून उभा राहतो, बाईसाहेब त्याला हुंगतात. त्या फुरफुरल्या तर गफूरभाई गंभीरपणे सांगतात, "पोट्टा तापट आहे." लगामावरूनही त्यांचा हिशेब पक्का असतो. "आवळून धरनारा बायकोलेही आवळून धरते. ढिल्ला सोडनारा सासऱ्याच्या घरी जाऊन राह्यते."

वराती काढून काढून बाईसाहेबांना एक खोड लागलेली. लग्नाला निघालेला नवरदेव वाटेत मारुतीला उतरतो, नारळ फोडतो, मग पुढं जातो. त्यामुळे पाठीवर कुणी असो-नसो, मारुतीचं देऊळ आलं की बाईसाहेब थांबणार म्हणजे थांबणारच. नदीवर पाणी पाजायला नेतानासुद्धा. गफूरभाई बाहेर टोपी सारखी करत उभे राहतात. पुजारी म्हणतो, "आला का रे गफूर?" हे म्हणतात, "म्या नाई बे, बाईसाहेब आल्या." मग खोबऱ्याचा तुकडा मिळाल्यावर मंडळी हलतात.

मी साताऱ्याकडचा. सातवीत असताना वडील गेले, शाळा सुटली आणि मामांच्या ओळखीनं इथं लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायला आलो. खोली तबेल्याला लागून. गफूरभाई मला 'पुनेवाला' म्हणतात. पुणं मी गाडीच्या खिडकीतून पाहिलंय तेवढंच, पण त्यांच्या लेखी वर्ध्यापलीकडं सगळं पुणंच.

इंदू माझी धाकटी बहीण. तिचं लग्न वैशाखात ठरलं, गोरज मुहूर्तावर. शेठजींनी रजा दिली, ट्रंक भरली आणि निघायच्या दिवशीच वादळानं रुळांवर झाडं आडवी केली, पुलाचा भराव खचला. वाट बंद. मी स्टेशनमास्तरांना इतक्यांदा विचारलं की शेवटी ते म्हणाले, "बाबा रे, तू विचारलंस म्हणून रूळ सरळ होत नाहीत." बसनं गेलो तरी मुहूर्त गाठता येणार नव्हता. तार केली, 'मुहूर्त टाळू नका.' आणि खोलीत येऊन ट्रंकेवर बसलो. लग्नाच्या दिवशीही तिथंच होतो.

ऊन कलल्यावर दारात गफूरभाई. मागं बाईसाहेब. झूल, गोंडे, कपाळाला झुंबर, सगळा साज.

"काऊन बे पुनेवाल्या, पेटीवर बसून अंडे देऊन राह्यला का?"

"आज लग्न आहे, गफूरभाई."

"तेच म्हनतो. बहिनीचं लगन, अन् तू बनियनवर? कपडे कर."

"मला घोड्यावर बसता येत नाही."

"कोन्या नवरदेवाले येते? अन् घोडा म्हनू नको. ऐकून राह्यल्या त्या."

बसलो. लगाम सोडून आयाळच धरली. दरवाजातून बाहेर पडताना पानवाला ओरडला, "कोनाचं लगन गा?"

"याच्या बहिनीचं!"

"नवरी कुठी आहे?"

"साताऱ्याले!"

अख्खा बाजार हसला. मला धरणी ठाव देईना. पण गावाभोवतीचा परकोट मागं पडला, इरई नदीकडची उघडी वाट लागली आणि गफूरभाईंनी दोर सोडला. "आता सोड त्याइच्यावर." बाईसाहेब दुडक्या चालीनं निघाल्या. आधी मी आयाळ आणखी घट्ट आवळली. मग पाठीचा ताल माझ्या पाठीत उतरला, वारा सदऱ्यात शिरला, आणि मी हसतोय हे मला उशिरा कळलं. इतके दिवस चांदा मी ओंडक्यांच्या उंचीवरून पाहिला होता. वरून पाहिला तर टेंभुर्णीची झाडं, नदीची वाळू, लांबवर निळं जंगल, सगळं जरा माझंसुद्धा वाटलं.

परतताना गाई घराकडं निघालेल्या. वेशीवरचा मारुती आला, बाईसाहेब थांबल्या. पुजारी हातात अक्षतांची वाटी घेऊन उभाच होता. गफूरभाईंनी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"मावळतीकडं तोंड कर," गफूरभाई म्हणाले. "तुह्यं गाव तिकडंच ना? हां. टाक आता."

मी टाकल्या. निम्म्या बाईसाहेबांनी खाल्ल्या.

"अन् नवरदेवाचा कान कोन पिळन?" गफूरभाईंनी विचारलं. इतकी लग्नं पाहिलेला माणूस. नवरीच्या भावानं कान पिळून बजावायचं असतं, बहिणीला नीट सांभाळ म्हणून.

"चुलतभाऊ आहे. पण लहान आहे. त्याचा हात पोचायचा नाही."

गफूरभाईंनी टोपी काढली आणि वाकून कान पुढं केला. "घे. पीळ."

मी नुसता हात लावला.

"याच्यानं तं माशी उडत नाई बे! जावई समज मले."

मग मी पिळला. खरंच पिळला. "माझ्या बहिणीला दुखवलंत तर याद राखा. तिला बाप नाही, पण मी आहे," असं काहीबाही म्हणालो. पुजारी हसत होता, मी रडत होतो.

"हाव बाबा, हाव. नीट ठेवतो तुह्या बहिनीले," गफूरभाई म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

"फार लागलं का?"

"नाई रे." ते घोडीच्या बाजूनं चालू लागले. "माही पोट्टी जमिला सिकंदराबादेले तिच्या मामाकडं होती. निकाह तिथीच झाला. तवा तिकडं गडबड, गाड्या बंद. म्या इथी तबेल्यात बसून राह्यलो. कोनी आलं नाई, म्याही कोनाले सांगतलं नाई. अशा दिवशी एकट्यानं बसू नाई, एवढंच समजलं मले."

"मग नंतर गेलात ना भेटायला?"

"देवाचा परसाद सोडला तं बाईसाहेब माह्याच हातचं खातात. कोनावर टाकून जाऊ?" थोडं चालून ते म्हणाले, "नातू झाला म्हनते. कान मोठे आहेत म्हनते त्याचे."

तेव्हापासून मी रोज सकाळी वखारीत जायच्या आधी भिजवलेल्या हरभऱ्याची ओंजळ घेऊन तबेल्यात उभा राहतो. बाईसाहेब हुंगतात आणि तोंड फिरवतात. काल पहिल्यांदा त्यांनी दोन दाणे उचलले. ज्या दिवशी त्या ओंजळ रिकामी करतील, त्या दिवशी मी गफूरभाईंना सिकंदराबादच्या गाडीत बसवून येणार आहे, आणि ते परत येईपर्यंत माझं अंथरूण तबेल्यात असणार आहे.