दादासाहेब सुक्रेला निघाले

उस्मानपुऱ्यात भाजीच्या गाड्यावर स्पॅनिशमध्ये घासाघीस करणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. दादासाहेब शेळके दुधी भोपळा उचलतात, नख लावून पाहतात आणि विचारतात, "क्वांतो क्वेस्ता?" भाजीवाला मान वर न करता सांगतो, "चचा, कौनसी भी भाषा में पूछो, भाव वहीच है."

दादासाहेब एकोणसत्तर वर्षांचे आहेत. (एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाईन, हे मी आईला विचारून घेतलं आहे, मी इंग्लिश मीडियमची.) त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात, लोकांच्या शेतांची मोजणी करण्यात गेली. त्यामुळे कुठलीही गोष्ट एकदा ठरली, की ते म्हणतात, "हद्द कायम!" मग ती साबणाची वडी असो की सोसायटीचा ठराव, तिच्यावर पुन्हा चर्चा नाही.

मागच्या दिवाळीत फराळाचं ताट समोर असताना त्यांनी जाहीर केलं, की आपण स्पॅनिश शिकायला बोलिव्हियातल्या सुक्रे नावाच्या शहरात तीन महिने जाणार. हद्द कायम.

"स्पेनला का नाही?" आईनं विचारलं.

"स्पेन महाग. सुक्रेत राहणं, जेवण, मास्तरीण, सगळं मिळून पुण्यातल्या खोलीपेक्षा स्वस्त पडतं. शिवाय तिथली माणसं सावकाश बोलतात म्हणं, वहिनी. पुण्यातली बोलतात का?"

मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू इंग्लिश मीडियमची. एक फॉरिन भाषा आली म्हणजे बाकीच्या आल्याच."

मला लोकांशी फारसं बोलता येत नाही, त्यामुळे नाही म्हणताही येत नाही. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये, माझ्या लॅपटॉपवर त्यांचा वर्ग भरतो. पडद्यावर सुक्रेतली तरुण शिक्षिका लुसिया, तिच्याकडे सकाळ असते. इकडे इस्त्रीच्या शर्टात दादासाहेब. मध्येच ते आनंदानं मांडीवर थाप मारतात. "कामिसा म्हणजे कमीज! हाबोन म्हणजे साबण! नारांखा म्हणजे नारंगी! अगं, आपलेच लोक हायेत हे!"

तिकीट निघालं, आणि लासूर स्टेशनहून त्यांचे धाकटे भाऊ अप्पा येऊन थडकले. अप्पांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "दादा, ह्या वयात तुम्ही एवढ्या लांब गेलात तर मी ह्या घराची पायरी चढणार नाय."

दादासाहेबांना मूलबाळ नाही. काकूंना जाऊनही बरीच वर्षं झाली. अप्पा म्हणजेच त्यांचं घर. त्या आठवड्यात 'हद्द कायम' ऐकू आलं नाही. शनिवारी वर्गाला आले तेव्हा मला हळूच म्हणाले, "पोरी, तिकीट रद्द कसं करतात गं?"

त्यांच्या मागोमाग अप्पाही आले आणि हाताची घडी घालून सोफ्यावर बसले. मी वर्ग सुरू केला.

"बुएनोस दियास, लुसिया. कोमो एस्तास?" दादासाहेबांनी विचारलं.

"ब्येन!" लुसिया हसली. "इ तू?"

अप्पा ताडकन उठले. "काय म्हनली ती? तू? नातीएवढी पोरगी आन दादांना अरेतुरे करती? अख्ख्या तालुक्यात कुणाची छाती नाय झाली!"

लुसियाला वाटलं, हे गृहस्थ तिला नमस्कार करताहेत. तिनं हात हलवून त्यांनाही विचारलं, "इ तू?"

"आता मला बी!"

मी शक्य तितक्या खालच्या आवाजात सांगितलं, की 'इ तू' म्हणजे 'आणि तू?', स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तूच, आणि मोठ्यांसाठी 'उस्तेद' असा वेगळा शब्द आहे.

"मंग तिला सांग ना, ते म्हन म्हणावं!"

मी टाइप करायला हात पुढे केला. दादासाहेबांनी तो अडवला.

"नको. ती पहिल्या दिवशी उस्तेदच म्हणत होती. मीच तिला सांगितलं, तू म्हण."

"तुम्ही? का पन?"

दादासाहेब पडद्याकडेच बघत राहिले. "बाबा गेले तवा मी दहावीत होतो, अप्पा. तेराव्याला माझ्या डोक्याला पागोटं बांधलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सगळे मला 'दादा, तुम्ही' म्हणायला लागलात. पुढं हापिसात साहेब झालो. घरात ही 'अहो' म्हणायची. आई तेवढी तू म्हणायची." ते अप्पांकडे वळले. "तिथं वर्गात लहान-मोठी पोरं असतील. सगळी तू म्हणतील. तीन महिने, अप्पा. जास्त नाय."

 

"जा," अप्पा शेवटी म्हणाले. मराठीत 'जा' तूलाही चालतं आणि तुम्हीलाही. त्यांना ते सोयीचं पडलं असावं. ते दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि मागे न बघता म्हणाले, "तिथं लई थंडी असती म्हणं. स्वेटर घे."

दार लागलं. भाऊ काय म्हणाला, असं लुसियानं विचारलं.

"स्वेटर," दादासाहेब म्हणाले. तो शब्द तिला लगेच कळला, स्पॅनिशमध्येही जवळपास तोच आहे. 'घे' मात्र त्यांनी तिला समजावून सांगितलं नाही.